कोचाच्या उशाशी येणारा वास

व्हिएन्ना, ७ ऑक्टोबर १९५६

आज पुन्हा हसणं! आधी तिचा पेशंट हसला, मग ती हसली, मग दोघं मिळून हसले. भिंतीपलीकडून सगळं स्वच्छ ऐकू आलं. इकडे माझ्या कोचावर होफराट प्लेशिंगर पडलेले. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, आज पहिल्यांदाच वडिलांच्या मारकुटेपणाबद्दल बोलायला लागला होता. बोलता बोलता थांबला आणि म्हणतो, "तिकडे मजा चाललीय वाटतं." झालं! वडील गेले, मारकुटेपणा गेला, उरलेला तास हवापाण्यावर गेला.

ही डॉ. इल्से वोंद्रा माझी विद्यार्थिनी. दुसऱ्याचं मन उकलण्याआधी स्वतःचं उकलून घ्यायचं हा आमच्या मनोविश्लेषणाच्या पंथाचा नियम, म्हणून चार वर्षं ती माझ्याच कोचावर झोपून बोलली. बाराखडी माझ्याकडे गिरवली. मग अमेरिकेत गेली आणि तिथून नवं ज्ञान घेऊन आली. जागा कुठे घ्यावी? माझ्याच इमारतीत, माझ्याच मजल्यावर, माझ्याच भिंतीला भिंत लावून! व्हिएन्नात घरं संपली होती का?

तिच्या खोलीत कोच नाही. दोन खुर्च्या समोरासमोर, बस्स. पेशंट म्हणतो, "मला वाईट वाटतंय." ही म्हणते, "तुम्हाला फार वाईट वाटतंय." झाला उपचार! माणसाच्या मनाला नेणीव नावाचं तळघर असतं, नको असलेलं सगळं तो तिथे ढकलतो आणि वर येऊन साळसूदपणे भलतंच सांगतो, हे मी हिला शिकवलं. आता ही मलाच सांगते, "डॉक्टरसाहेब, माणूस स्वतःबद्दल सांगतो ते आधी खरं धरून तर बघा. माणूस आतून वाढायलाच निघालेला असतो. त्याला थोडी ऊब द्यायची, वाटेत उभं राहायचं नाही." माणूस आहे की कुंडीतलं रोप?

मी ठरवलंय. कोच त्या भिंतीपासून हलवायचा, समोरच्या भिंतीला लावायचा, आणि खोलीला जाड गादी ठोकलेलं दुसरं दार बसवायचं.

१३ ऑक्टोबर

दार बसलं. सुतारानं असं चपखल बसवलंय की बंद केलं की कानाला दडा बसतो. कोच हलवला. कोचामागच्या भिंतीवर गालिचा हवाच, त्याशिवाय ती खोली आमच्या पंथाची दिसत नाही, म्हणून तोही टांगायला काढला. तर आमची पोल्डी मध्ये आली. पोल्डी या घरात माझी बायको अमालिया होती तेव्हापासून काम करते. अमालिया गेली, पण पोल्डीची हुकमत काही गेली नाही.

"त्या भिंतीत खिळा ठोकू नका हेर डॉक्टर, गवंड्याला बोलवा."

"का? मला खिळा ठोकता येत नाही?"

"माझी आई इथे कामाला होती तेव्हा त्या भिंतीवर गॅसचे दिवे होते."

"आणि त्याआधी इथे तुर्क तळ ठोकून होते! तुझा इतिहास झाला असेल तर हातोडी दे."

हातोडी दिली, पण तोंड वाकडं करून. पलीकडून नेमकं त्याच वेळी हसणं ऐकू आलं. मी असा दणका हाणला की चांगला बोटभर खिळा एका दमात आत गेला. आधी विटेसारखं टणक लागलं, मग एकदम मऊ, लोण्यात गेल्यासारखा. गालिचा झकास बसलाय. अमालियाचं रबराचं झाडही तिकडेच हलवलं, कोचाच्या उशाशी, खिडकीजवळ. वर आमच्या पंथाच्या संस्थापक प्रोफेसरांचा फोटो. आता खोली खोलीसारखी दिसते.

२९ ऑक्टोबर

फ्राउ ओटिली काराशेक. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवतात. नदी कुठून निघते आणि कुठे मिळते हे खडाखडा सांगतील, पण टोपी कुठली घ्यायची ते ठरवता येत नाही. दुकानात तासभर उभ्या राहतात, तीन जणींना विचारतात आणि रिकाम्या हातानं परत येतात. "मला जे वाटतं ते मला खरंच वाटतंय का, हेच कळत नाही हेर डॉक्टर." याच तक्रारीसाठी त्या माझ्याकडे आल्या. आठवड्यातून चारदा येतात, कोचावर झोपतात, मी त्यांच्या डोक्यामागे खुर्चीत. मला त्यांचा भांग दिसतो, त्यांना छत दिसतं. मागे वळून बघायचं नाही, हा नियम.

मुळात काय घडलंय ते मला गेल्या हिवाळ्यातच सापडलं. नऊ वर्षांची असताना घरी पाहुणे जमले होते, केक खाणं चाललं होतं, आजी कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसलेली. ही पोर जाऊन म्हणाली, "आजी झोपलेली नाहीये." आईनं सगळ्यांदेखत थोबाडीत दिली. आजी संध्याकाळपर्यंत तशीच बसून होती, मेलेली. आणि पुढे घरातला एकेक जण शपथेवर सांगायचा की तू असं काही बोललीच नव्हतीस!

इतकं सुंदर प्रकरण. आणि आज बाई कोचावर पडल्या पडल्या काय म्हणतात? "इथे गॅसचा वास येतोय."

या खोलीत गॅस नाही. कोळशाची शेगडी आहे. गॅस स्वयंपाकघरात, घराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी शांतपणे विचारलं, "गॅस म्हटल्यावर काय आठवतं?" बाई म्हणाल्या, "काही नाही. गॅस आठवतो." याला म्हणतात प्रतिकार, तळघरातलं वर येऊ नये म्हणून मनानं घातलेली खीळ! मी ठळक अक्षरात टिपून ठेवलं.

१५ नोव्हेंबर

हंगेरीतलं बंड रशियनांनी चिरडल्यापासून तिथून निर्वासितांचे लोंढे येतायत. पोल्डीनं माझा जुना ओव्हरकोट न विचारता देऊन टाकला. वर म्हणते, "तुम्ही तो घालत नव्हतात." घालत नव्हतो म्हणजे नको होता असं कोणी सांगितलं?

थंडी पडली. दुहेरी खिडक्यांच्या सांदीत घालायच्या लांब उशा काढल्या आणि स्वतः ठासून बसवल्या. आता वाऱ्याची झुळूक आत येणार नाही. पोल्डी रोज सकाळी त्या काढून खिडक्या सताड उघडते आणि माझी ऊब बाहेर घालवते. "खोलीत कसलीशी घाण येते, तुमच्या सिगारची असेल." चाळीस वर्षं सिगार ओढतोय, आता हिला घाण यायला लागली. माझं नाक युद्धाच्या आधीच कामातून गेलंय, मला ना सुगंध ना दुर्गंध, त्यामुळे वाद घालायलाही तोंड नाही.

डोकं दुखतं. दुपारनंतर तर ठणकायला लागतं. कारण उघड आहे. भिंतीपलीकडे बसलेली बाई आणि तिनं चालवलेला शास्त्राचा खेळखंडोबा. गिळलेला राग कुठून तरी बाहेर पडणारच.

रबराची पानं पिवळी पडायला लागलीत. पोल्डी नक्की पाणी जास्त घालते.

२७ नोव्हेंबर

फ्राउ काराशेक काही वास सोडायला तयार नाहीत! आजचं संभाषण जसंच्या तसं लिहितो, पुढे निबंधात घालता येईल.

"आजही येतोय वास. उशाकडूनच."

"हं."

"तुम्हाला येत नाही?"

"मला येतो का, हा प्रश्न नाही. तुम्हाला का येतो, हा प्रश्न आहे."

"असेल म्हणून येतो, हेर डॉक्टर."

"या कोचावर दिवसाला आठ माणसं झोपतात. वास एकट्या तुम्हालाच येतो. मग तो कोणाचा?"

अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "माझा." मला बरं वाटलं. पुढे म्हणाल्या, "इथून बाहेर पडून रिंगच्या रस्त्यावर गेलं की डोकं उतरतं. मळमळ थांबते."

"अर्थात. माझ्यापासून लांब गेलात की. त्या खुर्चीत आधी कोण बसलं होतं? आजी. खुर्चीतल्या माणसाजवळ तुम्हाला मरणाचा वास येतो."

यावर बाई रडल्या. काय नेमकं जुळलं होतं! लिहिताना हात थरथरतोय, इतका आनंद झालाय.

बाकीचे सात? कोणी सिगार ओढतो, कोणी पाइप, त्यांची कधी तक्रार नाही. होफराट प्लेशिंगर आताशा आल्या आल्या झोपतात. तासभर घोरतात, उठून हस्तांदोलन करतात आणि जातात. वडिलांबद्दल बोलायचं टाळण्याचा इतका निखळ नमुना मी आयुष्यात पाहिला नव्हता. गंमत म्हणजे कालपासून मलाही त्यांच्यामागे बसल्या बसल्या डुलकी लागते. पेशंटच्या प्रतिकाराची वैद्याला अशी लागण होते.

६ डिसेंबर

संत निकोलासचा दिवस. डॉ. वोंद्रा दारात उभी. हातात पिठाचा भाजलेला क्राम्पुस, म्हणजे संताबरोबर फिरणारा सैतान, बेदाण्याचे डोळे लावलेला. कोचावर होती तेव्हाही तिनं एकदा असाच आणला होता. मी दारातूनच घेतला, आत ये म्हटलं नाही. का म्हणावं?

"डॉक्टरसाहेब, चेहरा किती लाल झालाय तुमचा. बरं वाटत नाही का?"

"उत्तम वाटतंय."

"तुम्ही म्हणताय उत्तम वाटतंय, पण—"

"तुझी पोपटपंची माझ्यावर नको! माझं वाक्य मला परत ऐकवू नकोस."

हसली. तेच हसणं. मग तिचं लक्ष दाराजवळच्या कुंडीकडे गेलं. पोल्डीनं रबराचं झाड फेकायला काढून ठेवलं होतं, वर चारच पानं राहिलीयत.

"हे अमालियाबाईंचं ना? मी नेऊ?"

"ने. मेलंय ते."

"बघते तर खरं." कुंडी कवेत घेऊन, दार पायानं लोटून गेली. जाताना म्हणाली, "तुमची काळजी वाटते हो मला." काळजी वाटते! चार वर्षं शिकून, शेवटच्या दिवशी मलाच "तुम्ही कधी ऐकतच नाही" असं तोंडावर सुनावून गेलेली मुलगी ही. काळजी वाटत होती तर गेली कशाला?

क्राम्पुस बरा होता. सगळा खाल्ला, मग मळमळलं.

२१ डिसेंबर

पोल्डी बहिणीकडे गेली, बुर्गेनलांडात. बहिणीचा पाय मोडलाय, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागेपर्यंत काही परत येत नाही. जाताना दम देऊन गेली, "सकाळी खिडक्या उघडा." बघू. निदान आता उशा जागच्या हलणार नाहीत. वरच्या मजल्यावरची बाई येऊन स्वयंपाकाचं आणि शेगडीचं बघून जाईल.

जिन्यात वोंद्रा भेटली. रबराला नवा कोंब आलाय म्हणे, लालबुंद, बोटाएवढा. "मी काहीच केलं नाही, नुसतं ठेवलं," असं वर तोंड करून सांगते! झाडसुद्धा पक्ष बदलतं. अमालिया असती तर तिला सांगितलं असतं.

८ जानेवारी १९५७

सणाचे दिवस झेमरिंगच्या डोंगरात काढले. डोकेदुखी साफ गेली, दोन प्लेट श्निट्झेल खाल्लं, बर्फात फिरलो. परत येऊन खोलीत बसलो आणि संध्याकाळच्या आत डोकं ठणकायला लागलं. हे तर माझ्या म्हणण्याला शिक्कामोर्तबच झालं. त्रास कामाचा नाही, शेजाराचा आहे.

फ्राउ काराशेक आज आल्या त्याच पांढऱ्याफटक चेहऱ्यानं, म्हणजे तसा असावा, दारातून येतात तेव्हा मी खाली बघतो. झोपल्या. म्हणाल्या, "हेर डॉक्टर, मी खिडकी उघडू का?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं हाच आमच्याकडे उपचार असतो.

"उघडू ना?"

"तुम्ही मला विचारताय. टोपीसाठी तीन जणींना विचारता, खिडकीसाठी मला विचारता. सगळा आजार या एका प्रश्नात आहे, दिसतोय का?"

"दिसतोय," म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. हात पोटावर घट्ट धरून पडून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "कधी वाटतं, वास खरंच येतोय. कधी वाटतं, नऊ वर्षांची असल्यापासून मी वेडीच आहे. या दोहोंतलं एक काय ते कळलं नाही तर मी शाळेत शिकवूसुद्धा शकणार नाही. परवा फळ्यावर डॅन्यूब लिहिलं आणि मुलींना विचारलं, हे बरोबर आहे ना ग?"

मी म्हटलं, "वासाचा उगम तुमच्या आत सापडला की सगळं आपोआप मिटेल." त्या हुंदके देत होत्या. जाताना दारात थबकल्या, म्हणाल्या, "शेजारच्या डॉक्टरीणबाई पेशंटचं ऐकतात म्हणे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! माझ्या घरात, माझ्या गादीच्या दारात उभं राहून! मी काय करतो मग इतकी वर्षं? कान कोणाला देतो?

१७ जानेवारी

अक्षर नीट येत नाहीये. सकाळी उलटी झाली. पावट्याचं सूप बाधलं.

पलीकडून काही म्हणजे काही ऐकू येत नाही आता. दार फार चांगलं बसलंय. काल दोन पेशंटच्या मधल्या वेळात जुन्या भिंतीला कान लावून पाहिला, हसतेय का ते बघायला. नाही आलं ऐकू. खुर्चीत येऊन बसलो ते पुढच्या पेशंटनं घंटा वाजवली तेव्हाच कळलं. दोनदा वाजवली म्हणे. इतकं चिडायचं काय कारण होतं त्याला?

२४ जानेवारी

डोकं. फ्राउ काराशेक उद्या. त्यांना साफ सांगणार आहे, वासाचं पालुपद बंद. नाहीतर

२ फेब्रुवारी, इस्पितळ

आज पहिल्यांदा उशीला टेकून बसू देतायत. वही वोंद्रानं आणून दिली. वाचली नाहीये असं म्हणते, आणि आश्चर्य म्हणजे मला ते खरं वाटतं.

मला काही आठवत नाही, म्हणून वोंद्रानं सांगितलं ते लिहितो. सगळाच प्रकार संतापजनक आहे.

२५ तारखेला फ्राउ काराशेक कोचावर झोपल्या आणि म्हणाल्या, "येतोय वास. आज खूप येतोय." मी "हं" म्हटलं म्हणे. त्या बोलत राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की मागून हं येत नाहीये. सिगारचा धूर येत नाहीये. वहीवर पेन्सिल घासल्याचा आवाज येत नाहीये. त्या छताकडे बघत पडून राहिल्या. वोंद्राला त्यांनी सांगितलं ते असं: "मला वाटलं, हेही माझंच असेल. खुर्चीत बसलेलं माणूस झोपलेलं नाहीये असं मला पुन्हा वाटतंय, हा माझा आजार आहे. हेर डॉक्टर ऐकतायत आणि मुद्दाम गप्प आहेत. मी विचारलं तर म्हणतील, विचारता का. मग मी विचारलंच नाही. मागे वळले."

नियम मोडून मागे वळल्या! माझ्या कोचावर इतक्या वर्षांत एकानंही हे केलं नव्हतं. मी खुर्चीत कलंडलेलो, तोंड उघडं, सिगार जमिनीवर पडून विझलेली. विझली म्हणून ही वही पुढे लिहिली जातेय. बाईंनी खिडक्या उघडल्या, उशा उपसून खाली रस्त्यावर फेकल्या. खालून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर एक पडली, तो शिव्या देत वर आला म्हणून आयताच मदतीला सापडला. तोवर बाईंनी मला काखेत हात घालून, पोतं ओढावं तसं जिन्यापर्यंत ओढत नेलं होतं आणि वोंद्राचं दार लाथांनी बडवत होत्या. ज्या बाईला टोपी घेता येत नाही, तिनं हे केलं. कोणाला न विचारता!

गॅस कंपनीची माणसं आली, अग्निशमनवाले आले. गालिचा काढला. माझा खिळा भिंतीतल्या जुन्या शिशाच्या नळीत आरपार गेलेला. दिवे काढले तेव्हा नळी तशीच आत ठेवून वरून गिलावा केला होता आणि ती अजूनही खालच्या मोठ्या नळाला जोडलेली होती. कोणाचा हा गाढवपणा? मला कोणी सांगायला नको होतं? पोल्डीनं सांगितलं होतं म्हणे. पोल्डी शंभर गोष्टी सांगते!

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. अपघात म्हणून काही नसतो, हे मीच वर्गात टेबलावर मूठ आपटून सांगत आलोय. हातातून कप निसटला तरी त्यामागे कोणाचा तरी राग असतो. मग तो खिळा मी कोणावर ठोकला? तिच्या हसण्यावर? चूक. साफ चूक. खिळा हा कधी कधी नुसता खिळा असतो.

वोंद्रा रोज येते. संत्री सोलते. आज मी म्हटलं, "तू गेलीस ते मला आवडलं नव्हतं." तिनं माझं वाक्य मला परत ऐकवलं नाही. संत्र्याची फोड हातात दिली आणि म्हणाली, "मला माहितेय." तिच्या पद्धतीत हे बसत नसावं.

५ फेब्रुवारी

या इस्पितळात माणसाला जगवतात आणि मग थंडीनं मारतात! माझी खाट खिडकीला लागून. डाव्या कानात सारखा वारा येतो, सुईसारखा. सकाळी सिस्टरला सांगितलं.

"खिडकी बंद आहे, आजोबा."

"बंद आहे ते मला दिसतंय. वारा येतोय."

"बाकी कोणाला नाही येत."

"बाकी कोणी या खाटेवर नाहीये!"

मग तो तरुण डॉक्टर आला. मिसरूड नुकतं फुटलेलं. खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही. खाटेच्या कडेला बसला, आवाज मऊ केला आणि विचारतो, "घरी एकटेच असता? पत्नी जाऊन किती वर्षं झाली?"

"त्याचा वाऱ्याशी काय संबंध?"

"कधी कधी थंडी आतून लागते, हेर डॉक्टर."

मी वारा सांगतोय आणि हा मला अमालियाबद्दल विचारतोय! एवढा ओरडलो की छातीत कळ आली. त्यानं मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे. मी आयुष्यभर तेच लिहीत आलोय. उशीत तोंड खुपसून पडून राहिलो. इतकं एकटं मला अमालिया गेली त्या आठवड्यातही वाटलं नव्हतं.

दुपारी एक बाई आली. काळा कोट, डोक्यावर लाल टोपी, चांगली ठसठशीत लाल. हातात क्राप्फेनचा, मुरांबा भरलेल्या तळलेल्या पावांचा पुडा. खाटेसमोर उभी राहून हसली. मी म्हटलं, "आपण चुकून आलात, मी कोणाला बोलावलं नाही." तिनं टोपी काढली, पुडा ठेवायला खाली वाकली आणि मला तिचा भांग दिसला.

फ्राउ काराशेक! तीन वर्षं आठवड्यातून चारदा भेटलेल्या बाईला मी तोंडावरून ओळखलं नाही. डोळे घारे आहेत त्यांचे. डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे. मला कुठे माहीत होतं?

"कसे आहात, हेर डॉक्टर?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. आपण नियम का मोडलात, त्या क्षणी मनात काय आलं, टोपी कोणाला विचारून घेतलीत. आणि तोंडातून निघालं काय? "डाव्या कानात वारा येतोय हो."

त्या उठल्या. खिडकी बंद आहे म्हणाल्या नाहीत. कुठून येतो, कधीपासून येतो, मला तर येत नाही, काही नाही. गळ्यातली लोकरीची शाल काढली, तिची लांब वळकटी केली आणि खिडकीच्या फटीत बोटांनी ठासून बसवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

"आता?"

मी थांबून बघितलं. "आता नाही येत."

आणि मग मला इतका राग आला, इतका राग आला की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. कोणाचा राग ते सांगता येत नाही. त्यांनी विचारलंही नाही. क्राप्फेन काढून दिला. जर्दाळूचा मुरांबा हनुवटीवर सांडला, मी तसाच खात राहिलो, त्या तशाच बसून राहिल्या.

जाताना म्हणाल्या, "मी आता कोचावर येणार नाही, हेर डॉक्टर. हे मी ठरवलंय." बरोबर आहे ना, असं त्यांनी विचारलं नाही. मी वाट बघत होतो. प्रतिकार हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. मी तो क्राप्फेनबरोबर गिळला आणि म्हटलं, "टोपी छान आहे."

"मला माहितेय," म्हणाल्या आणि डोक्यावर चढवून गेल्या. शाल तशीच सोडून गेल्या, या थंडीत.

आत्ता सिस्टर आली होती. खिडकीतलं ते लक्तर काढते म्हणाली, नियमात बसत नाही. असा ओरडलो की अख्खा वॉर्ड उठून बसला. हात लावायचा नाही म्हटलं. तिथून वारा येतो. मी सांगतोय ना!